सुताची जागा

आत्या गेल्यावर तिच्या घरातल्या वस्तूंची वाटणी झाली, त्यात तंबोरा माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर तो दुसऱ्या कुणालाच नको होता. माझ्याही फ्लॅटात त्याला कोपरा नव्हता आणि गाणं तर मला येतच नाही. पण मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. तेवढ्या आधारावर "तुला कंपनं-बिंपनं कळतात की, तूच ने" असं म्हणून चुलतभावाने तो गवसणीसकट माझ्या हातात दिला.

तंबोरा आजारी होता. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ ची. आत्याचं घर गावभागात. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं तेव्हा तिने स्वतःच्या औषधांच्या आधी तंबोरा माडीवर पाठवला. (फ्रिज खालीच राहिला. त्यावरून काका पुढे बरेच दिवस बोलत होते.) तंबोरा भिजला नाही, पण ओल सगळीकडे शिरली. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली ती लाकडी फळी, एका कडेने नखभर सुटली. नंतर कोविड आला, मग आत्याचे गुडघे, मग आत्याच राहिली नाही. एवढी वर्षं तंबोरा गवसणीत उभा होता. मागच्या दिवाळीनंतर मी एकदाचा तो मिरजेला नेला.

वडापच्या रिक्षावाल्याने गवसणीकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्याचं पण शीट पडेल." मी दोघांचे पैसे दिले.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पाऊल टाकलं की आधी नाकाला कळतं. स्पिरिट, चपडा, ओल्या लाकडाचा भुसा. मग डोळ्यांना. छताला टांगलेले भोपळे, भिंतीला टेकवलेल्या नुसत्या दांड्या, खुंट्या नसलेले गळे. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून. खायच्या भोपळ्याशी त्यांचा संबंध नाही. हे कडू, जाड सालीचे, वाळले की डब्यासारखे वाजतात. साधारण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे फरीदसाहेबांनी हे काम सुरू केलं. मूळचं घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांचं. राज्यं गेली, तलवारी म्यानात गेल्या आणि तोच हात सतारीकडे वळला. मला याचं फारसं नवल वाटत नाही. दोन्हीकडे कानस लागते आणि दोन्हीकडे केसभर जास्त घासलं की काम वाया जातं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा बोर्ड गल्लीत एक-दोन ठिकाणी दिसला. बाकी गल्ली होती तशीच आहे, समोरासमोरच्या दोन स्कूटरपैकी एकीने मागे जायचं.

ज्या कारागिरांकडे मी गेले ते साठीच्या पुढचे. तंबोरा आडवा ठेवून त्यांनी बोटाच्या पेराने तबलीवर ठिकठिकाणी टिचक्या मारल्या, डॉक्टर छातीवर मारतात तशा.

"कुणाचा?"

"आत्याचा."

"गातात?"

"गेल्या."

"तुम्ही?"

"मी फिजिक्स शिकवते."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "असू द्या," म्हणाले.

तबली पुन्हा चिकटवायची, चारही तारा बदलायच्या, एक खुंटी नवी आणि जवारी काढायची, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवायचा. आठ दिवसांनी या, म्हणाले. मी पंधरा दिवसांनी गेले आणि त्याचा फायदा असा झाला की बाकी सगळं आटपून ते नेमके जवारीवर बसले होते. तासभर मी स्टुलावर बसून बघत राहिले. आयुष्यात तार या विषयावर मी किमान वीसदा धडा घेतलाय, पण त्या तासात जे पाहिलं ते माझ्या एकाही फळ्यावर आलेलं नाही.

तंबोऱ्याची घोडी म्हणजे तबलीवरचा तो लहान पाटासारखा तुकडा, ज्याच्यावरून चारही तारा जातात. व्हायोलिनची घोडी वरून धारदार असते. तार तिला एका रेषेत टेकते आणि प्रश्न मिटतो. तंबोऱ्याची घोडी रुंद. वरून सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित उतार असतो. तार तिच्यावरून एकदम सुटत नाही, रेंगाळत सुटते. कंप पावताना तार त्या उतारावर टेकते, उठते, पुन्हा टेकते. म्हणजे तिची लांबी दर कंपाला अगदी थोडी कमी-जास्त होत राहते. कारागिरांनी तार सैल केली, बाजूला सरकवली, कानशीने दोन हात मारले, बोट फिरवलं, तार परत जागेवर घेऊन छेडली. टण्. कोरडा, पत्र्याच्या डब्यासारखा. परत तार बाजूला. परत दोन हात. असं किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडून दिलं.

मग त्यांनी रिळातून वीतभर सुती दोरा तोडला, तारेच्या खालून घेतला आणि दोन्ही टोकं चिमटीत धरून घोडीवरून पुढे-मागे सरकवायला लागले. एका हाताने तार छेडायची, दुसऱ्या हाताने सूत सरकवायचं. टण्, टण्, टण्, आणि एका ठिकाणी तोच आवाज अचानक पसरला. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान न्यावा तसा. सूत पुढे गेलं की गेला, मागे आणलं की आला. आणि त्या गुंजनात वर कुठेतरी एक वेगळा स्वर स्पष्ट लागत होता. तार षड्जाची होती, वर ऐकू येत होता गंधार.

त्याला गाणारे लोक स्वयंभू गंधार म्हणतात. फिजिक्सला तो पाचवा उपस्वर. दोन्ही टोकं बांधलेली तार मनाला येईल तशी कंपू शकत नाही. तिच्या लांबीत अर्ध्या लाटा पूर्ण संख्येत बसाव्या लागतात. एक, दोन, तीन, चार, पाच. अडीच चालत नाही. आत्याचा तंबोरा काळी चारचा, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा त्याचा सा. तिथला षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २०८ कंप; त्याच्या खालच्या सप्तकातला षड्ज, म्हणजे खर्ज, १०४. त्याची पाचपट ५१९ च्या आसपास, हा झाला वरच्या सप्तकातला गंधार. शेजारी कुणी हार्मोनियमवर तोच गंधार वाजवला तर तो येतो ५२३. चार हर्ट्झचं भांडण, आणि कान असलेल्या माणसाला ते दातात खडा आल्यासारखं लागतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, याच भांडणाच्या मागे लागले होते. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांचा, हिशोब छापून काढला. त्या उद्योगात त्यांच्या बाजूला होते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, ज्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. म्हणजे या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एक महसूल खात्यातला माणूस आणि एक गवई, चार हर्ट्झसाठी.

वर्गात मी दरवर्षी सांगते की तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर उठत नाही, कारण त्या लाटा मध्यावर स्थिर असतात. पाठ्यपुस्तकात आहे, परीक्षेला येतं. तंबोऱ्याची तार साधारण मध्याशीच छेडतात. तरी तिच्यात हे सगळे उपस्वर धडधडीत ऐकू येतात. हे सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात वीणा आणि तंबोऱ्यावर तपासून १९२१ साली प्रसिद्ध केलं. नियम मोडला तो तारेने नव्हे. घोडीच्या उताराने आणि त्या दोऱ्याने. व्हायोलिनच्या धारदार घोडीवर नियम बरोबर आहे. माझ्या फळ्यावरच्या तारेला घोडीच नव्हती, दोन ठिपके होते.

आता आमच्या भावोजींबद्दल सांगायला हवं. धाकट्या बहिणीचे यजमान, मनाने सोन्यासारखे. विश्रामबागला एका हॉलमध्ये दोन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आले आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं. डाळीला फोडणी नीट बसली नाही, व्हायब्रेशन. जावयाचं प्रमोशन अडलं, व्हायब्रेशन. तंबोरा घरी आणल्याचं कळल्यावर मुद्दाम आले. "ताई, तुमची स्ट्रिंग थिअरी हेच म्हणती की. सगळं एनर्जी आहे, सगळं कंपन आहे. आपल्या ऋषींनी आधीच सांगून ठेवलंय, सायन्स आत्ता कुठं पोचतंय." (स्ट्रिंग थिअरी म्हणजे पदार्थाचे मूळ कण हे बिंदू नसून अतिसूक्ष्म तारा आहेत असं मानणारा सिद्धान्त.) फोनवर त्यांनी मला ४३२ हर्ट्झची क्लिप ऐकवली, म्हणे ती विश्वाची मूळ फ्रीक्वेन्सी. मी चिडले नाही असं म्हणणार नाही. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती फेऱ्या. सेकंद माणसाने ठरवला. १९६७ पासून तो सीझियमच्या अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपांवरून मोजतात. आपण दिवसाचे ८६,४०० ऐवजी एक लाख भाग केले असते तर तोच सूर ३७३ झाला असता. विश्वाला आपलं घड्याळ कुणी दाखवलं?

आणि "सगळं एनर्जी आहे" हे तर मला कळतच नाही. माझे वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हळद पोत्यात असायची, रुपये गल्ल्यात असायचे, शिल्लक मात्र वहीतच असायची. संध्याकाळी जमा-नावे जुळली नाहीत तर वडील जेवायला येत नसत. ऊर्जा ही तशी शिल्लक आहे. कुठल्याही व्यवहारात ती जुळावी लागते म्हणून तिचा एवढा मान. पण शिल्लक कुणी पोत्यात भरून नेत नाही, आणि दुकान शिल्लकेचं बांधलंय असं म्हटलं असतं तर वडिलांनी दोनदा बघितलं असतं माणसाकडे. स्ट्रिंग थिअरीतली तारही ऊर्जेची बनलेली नाही. ती कशाचीच बनलेली नाही. तिच्यापाशी "कशाचं" हा प्रश्न थांबतो, निदान त्या सिद्धान्ताचं म्हणणं तसं आहे.

भावोजींवरचा माझा राग खरं तर स्वतःवरच होता, कारण तसलीच उपमा मीही वर्गात वापरली होती. तार एका सुरात कंपली की इलेक्ट्रॉन, दुसऱ्या सुरात क्वार्क, आणि विश्व म्हणजे मोठा वाद्यवृंद. मुलं खूश होतात, मला तास ढकलता येतो.

या तार-सिद्धान्ताचा जन्म चुकून झाला. १९६८ मध्ये व्हेनेझियानो या तरुण इटालियनाने अणुगर्भातल्या कणांच्या टकरींसाठी गणितज्ञ ऑयलरचं जुनं सूत्र लावून बघितलं आणि ते बसलं. का बसलं, ते दोन वर्षांनी नाम्बू, सस्किंड आणि नील्सन यांच्या लक्षात आलं: हे गणित बिंदूंचं नाही, कंप पावणाऱ्या तारांचं आहे. त्यात एक नको असलेला वजनहीन कण सारखा डोकावत होता. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्झ म्हणाले, हाकलू नका, हा गुरुत्वाकर्षणाचा कण आहे. मला या सगळ्या कहाणीत हे वाक्य सर्वांत आवडतं. पाहुणा म्हणून ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं तो घरमालक निघाला. १९८४ नंतर मग झुंबड उडाली. पाच वेगवेगळे तार-सिद्धान्त तयार झाले, आणि ते पाच नसून एकाच गोष्टीच्या पाच बाजू असाव्यात याकडे बोट दाखवणाऱ्यांत आपले अशोक सेन होते.

तार केवढी? प्रोटॉन फुगवून सांगलीपासून साताऱ्याच्याही पुढे जाईल एवढा केला, तर तार फुगून होईल मूळच्या प्रोटॉनएवढी. आणि ताण? मूळ हिशोबात एकावर ३९ शून्यं इतके टन. इथे ती वाद्यवृंदाची उपमा लंगडते. एवढ्या ताणलेल्या तारेचा पहिला चढा सूरसुद्धा असा जड कण देतो की कुठल्याही प्रयोगशाळेत तो जन्मणार नाही. प्रोटॉनच्या अब्जावधी अब्ज पट जड. आपल्याला माहीत असलेली सगळी मंडळी, इलेक्ट्रॉन, क्वार्क, फोटॉन, त्या तारेच्या एकाच, सर्वांत खालच्या पायरीवर बसलेली आहेत. चढत्या सुरांची नावं त्यांना देता येत नाहीत. मग त्यांच्यात फरक पडतो कशाने?

तार कुठे आणि कशी बांधली आहे त्याने.

गणित जुळायला दहा मिती लागतात. तीन आपल्या, एक काळाची, आणि सहा इतक्या बारीक गुंडाळलेल्या की आपल्याला जाणवत नाहीत. त्या सहा मितींची घडी कशी आहे, तिला किती भोकं आहेत, तार तिच्याभोवती कशी वेढली आहे, मोकळ्या तारेची टोकं कशाला चिकटली आहेत, यावर कोणते कण असणार, किती घराण्यांचे असणार, कोणता जड आणि कोणता हलका हे ठरतं. टोकांना बांधायला काहीतरी लागतं ही गोष्टसुद्धा बऱ्याच उशिरा, १९९५ मध्ये पोल्चिन्स्कीने सगळ्यांच्या गळी उतरवली. तोवर सगळ्यांचं लक्ष तारेकडे. माझ्या फळ्यासारखंच.

आणि अडचण अशी की घडीचे प्रकार निघाले मोप. वारंवार सांगितला जाणारा अंदाज एकावर ५०० शून्यं. एवढ्या घोड्या समोर मांडून ठेवल्यात. त्यातली आपल्या तंबोऱ्याला कुठली बसवली आहे ते कुणाला सांगता येत नाही. जिनिव्हाजवळ कणांच्या टकरी घडवणाऱ्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात २०१२ साली हिग्ज हा कण सापडला, पण तार-सिद्धान्ताला धरून जे जोडीदार कण मिळावेत अशी आशा होती ते अजून आलेले नाहीत. यावरून काही जण म्हणतात की हे विज्ञानच नव्हे. मला तसं वाटत नाही. कोरडा टण् ऐकू आला म्हणून कुणी तंबोरा फेकत नाही. पण आवाज लागला असंही कुणी म्हणू नये, विशेषतः शिबिराची फी घेऊन.

"सगळं कंपन आहे" हे वाक्य मला म्हणूनच फुकटचं वाटतं. कारागिरांना ते जाऊन सांगितलं असतं तर ते "असू द्या" म्हणाले असते. कंपतं तर सगळंच; डबाही आणि रिक्षाही. कुठलं कंपन इथे चालणार नाही, हे ज्याने ठरतं ते शोधायला माणसं आयुष्यं घालवतात, कानशीचे दोन हात मारून पुन्हा तार छेडत.

निघताना मी पैसे दिले तेव्हा त्यांनी दोऱ्याचं अर्धं रीळ पिशवीत टाकलं. त्याचे किती, विचारलं तर हात हलवला. "सूत तुटतं. हवा बदलली की सरकतं पण. साधं सुतीच घ्यायचं, नायलॉन नको." रिक्षात यावेळी तंबोऱ्याचं शीट पडलं नाही, रिक्षावाल्याने गवसणी बघून विचारलं, दर्ग्याच्या उरुसात गायला असता का तुम्ही? मी हो-नाही काहीच म्हटलं नाही.

परवा रविवारी भावोजी आले. बाहेर पाऊस, जूनचा पहिलाच. तंबोरा सुरात नव्हता. खुंट्या फुगलेल्या, पंचमाचा आवाज मेलेला. मी त्यांना सतरंजीवर बसवलं, भोपळा मांडीशी टेकवून दिला आणि म्हटलं, हे सूत धरा, तार छेडत छेडत सरकवा, एका जागी आवाज उघडेल.

"किती सरकवायचं?"

"उघडेपर्यंत."

ते सरकवत राहिले. टण्, टण्. पाच मिनिटांनी चष्मा काढून ठेवला. दहा मिनिटांनी बहिणीला पंखा बंद करायला सांगितलं, कारण पंख्याच्या घरघरीत काही कळेना. चहावर साय धरली. मध्येच एकदा, अर्धा क्षण, काहीतरी उमटल्यासारखं झालं. त्यांनी मान वर केली आणि तेवढ्यात सूत हललं.

"होतं," ते म्हणाले. "आत्ता होतं ताई. इथंच कुठंतरी."

मग मी घेतलं. मलाही सापडेना. सूत बदललं, खुंटी अर्धा आटा फिरवली, तार पुसली. खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, ती सुरू झाली, गेली. भावोजी शेजारी उकिडवे बसून घोडीकडे बघत होते आणि दर टणला हळूच म्हणत होते, "मागं. अजून थोडं मागं. नाही, पुढं."